कावळा, मोराची पिसं आणि एक पिक्चर: १९६५ सालचं एक जाहीर भांडण

(या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो, ती ठिकाणं गाळली आहेत. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

आमचा कॉलेजच्या मित्रांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाने नुकत्याच पाहिलेल्या पिक्चरबद्दल भलंमोठं लिहिलं. त्याला तो मनापासून आवडला होता. का आवडला, कुठला सीन पाहून घरची आठवण झाली, सगळं लिहिलं होतं. मला तो पिक्चर अजिबात आवडला नव्हता. मी काय केलं? एक ओळ टाकली. टोमणाच होता, पण जमून आलेला. दोन मिनिटांत हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग लागली. मी खूश. अर्ध्या तासाने पाहतो तर तो मित्र ग्रुप सोडून गेलेला.

त्या रात्री मला आठवलं ते एक जुनं भांडण. तेही पिक्चरवरून झालेलं, तेही एका जबरदस्त टोमण्याने संपलेलं. फरक एवढाच, की भांडणारे होते सत्यजित राय आणि मृणाल सेन, आणि त्यांचा ग्रुप म्हणजे कोलकात्याच्या 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकातला वाचकांच्या पत्रांचा रकाना.

आधी पिक्चर कुठला, ते सांगतो.

तुम्ही 'मंज़िल' पाहिला नसेल, पण त्यातलं पावसातलं गाणं नक्की पाहिलंय. अमिताभ आणि मौसमी चॅटर्जी मुंबईच्या रस्त्यांवरून चिंब भिजत चालतायत, मरीन ड्राइव्हला लाटा उसळतायत. दर जूनमध्ये ते गाणं प्रत्येकाच्या स्टेटसला असतं. बासू चॅटर्जींचा हा पिक्चर १९७९ चा. त्यातला अमिताभचा अजय खिशाने रिकामा, पण स्वप्नं मोठी. श्रीमंत घरातली मुलगी आवडते, म्हणून तो आपणही बडे असल्याची बतावणी करतो. ही गोष्ट मूळची कोलकात्याची. १९६५ साली मृणाल सेन यांनी ती बंगालीत केली होती, 'आकाश कुसुम' या नावाने. आकाशातलं फूल, म्हणजे जे हाताला कधी लागणारच नाही ते. आपण 'मनोराज्य' म्हणतो ना, तसंच काहीसं.

नायक होते सौमित्र चॅटर्जी, नायिका अपर्णा सेन. गंमत बघा, दोघांनाही पडद्यावर पहिल्यांदा आणलं होतं सत्यजित राय यांनीच. सौमित्र 'अपूर संसार'मधला अपू, तर अपर्णा 'तीन कन्या'मधली अल्लड मृण्मयी. 'आकाश कुसुम'मध्ये सौमित्रचा अजय श्रीमंत मित्राच्या जिवावर थाटमाट दाखवतो, खोट्यावर खोटं रचत जातो आणि शेवटी बिंग फुटतं.

पण सेन यांनी ही गोष्ट सांगितली वेगळ्या ढंगात. फ्रान्समध्ये तेव्हा त्रुफो, गोदार ही मंडळी सिनेमाचं व्याकरण मोडून नवं काहीतरी करत होती. त्याचं वारं सेन यांना लागलं होतं. चालतं दृश्य मध्येच गोठवायचं, फोटोसारखं थांबवायचं, असले प्रयोग त्यांनी केले. तेव्हाच्या बंगाली प्रेक्षकाला हे नवं होतं. काहींना भन्नाट वाटलं, काहींना उगाचचा दिखावा.

आता भांडणाकडे येऊ. 'स्टेट्समन'मध्ये पिक्चरचं परीक्षण आलं. त्यावर कथेचे लेखक आशिष बर्मन यांनी पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की हा विषय आजचा आहे, आजच्या तरुणाचा आहे. इथवर सगळं नेहमीसारखंच. लेखकाला आपल्या कथेची बाजू घ्यावीशी वाटणारच.

आणि मग त्याच रकान्यात पत्र आलं सत्यजित राय यांचं.

राय तेव्हा काय होते, ते डोळ्यांसमोर आणा. 'पथेर पांचाली' होऊन दहा वर्षं झालेली. त्याच वर्षी 'चारुलता'साठी बर्लिनला सर्वोत्तम दिग्दर्शकाचं बक्षीस मिळालेलं. वय ४४. सेन दोनच वर्षांनी लहान, पण नावाने बरेच लहान. अशा माणसाने वर्तमानपत्रात, सर्वांदेखत, दुसऱ्या दिग्दर्शकाच्या पिक्चरबद्दल पत्र लिहिलं. आणि पत्र होतं खवचट. त्यांचं म्हणणं असं, की हा विषय आजचा कसला, हा तर प्राचीन आहे! मोठेपणाच्या चिन्हांचा मोह पडलेल्या त्या बिचाऱ्या कावळ्याची गोष्ट आठवा. म्हणजे आपली इसापनीतीतली, मोराची पिसं लावून मिरवणाऱ्या कावळ्याची.

झालं! सेन यांनी उत्तर दिलं, बर्मन यांनी दिलं, राय यांनी पुन्हा लिहिलं. मग वाचक घुसले. कुणी रायांच्या बाजूने, कुणी सेनच्या. जुलैमध्ये सुरू झालेलं हे प्रकरण सप्टेंबरपर्यंत चाललं. लक्षात घ्या, याच काळात भारत-पाकिस्तान युद्ध पेटलं होतं. एका पानावर रणगाड्यांच्या बातम्या, आणि त्याच पेपरात पत्रांच्या रकान्यात एका पिक्चरवरून जुंपलेली.

शेवटी संपादकांनीच हा पत्रव्यवहार बंद केला. पण त्याआधी राय यांनी ती प्रसिद्ध ओळ लिहून टाकली होती. तिचा मराठीत भाव सांगायचा तर असा: कावळ्याचा सिनेमा तो कावळ्याचाच, शेवटपर्यंत कावळ्याचाच.

आज या वादातलं लोकांना काय आठवतं? ही ओळ. फक्त ही ओळ. १९६५ सालचं मीमच म्हणा ना.

आणि इथेच मला थांबावंसं वाटतं. कारण टोमण्याच्या खाली एक खरा प्रश्न होता, आणि तो प्रश्न टोमण्याच्या हशात गाडला गेला.

प्रश्न होता 'आजचा' या शब्दाचा. एखादा पिक्चर आजचा कशाने होतो? त्यात आजची गाडी, आजचे कपडे, आजची भाषा आहे म्हणून? की त्यातल्या माणसाची अडचण आज, याच काळात, याच शहरात निर्माण झालेली आहे म्हणून? राय यांचा आक्षेप मला समजतो तो असा: खोटं बोलून मुलीवर छाप पाडणारा तरुण कुठल्याही काळात असतो. त्याच्याभोवती नवी सजावट केली म्हणून गोष्ट नवी होत नाही. सेन यांच्या बाजूने पाहिलं तर दिसतं वेगळंच. हा मुलगा नुसता थापाड्या नाही. ज्या शहरात कष्ट करून वर जायची वाटच दिसत नाही, तिथे शॉर्टकट मारणारा तो मुलगा आहे. कावळ्याला पिसं का लावावीशी वाटली, हे विचारलं की गोष्ट आजची होते.

मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात दम आहे. पण राय यांनी शेवटचा चेंडू असा मारला, की पुढे कुणी खेळायलाच उरलं नाही. मोठ्या माणसाचा विनोद फार जड असतो हो! समोरच्याचं बोलणं त्याखाली दबून जातं. अनेकांना 'आकाश कुसुम' हे नावच मुळी या भांडणामुळे माहीत आहे. पिक्चर न पाहता त्यांना तो कावळ्याचा आहे, एवढं ठाऊक असतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर रायांवर अन्याय होईल.

हे भांडण मुळात होऊ कसं शकलं? कारण त्या शहरात पिक्चरवर गंभीरपणे वाद घालायची सवय लावली गेली होती, आणि ती लावणाऱ्यांत राय स्वतः पुढे होते. १९४७ साली, देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू केली. पहिला पिक्चर दाखवला तो आयझेन्स्टाइनचा 'बॅटलशिप पोटेम्किन'. ओटीटी नाही, टॉरेंट नाही, परदेशी पिक्चरची प्रिंट मिळवायची म्हणजे दहा ठिकाणी हात पसरायचे. आणि एवढ्या खटपटीने पाहिलेला पिक्चर 'मस्त होता' म्हणून सोडून कोण देईल? तो पाहायचा, आणि मग त्यावर बोलायचं. पिक्चर पाहण्याइतकंच हे बोलणंही महत्त्वाचं. १९५९ साली देशभरातल्या अशा सोसायट्यांचा महासंघ झाला, त्याचे पहिले अध्यक्षही रायच.

ही लाट आपल्याकडेही आली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी तिथे जुने पिक्चर वेड्यासारखे गोळा केले, आणि सोसायट्यांना तिथून प्रिंट्स मिळू लागल्या. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी मराठी प्रेक्षकाला जगभरचा सिनेमा दाखवण्यात आयुष्य घातलं. 'चित्रपट रसास्वाद' हा शब्द आज आपण सहज वापरतो. जेवणाचा घ्यावा तसा सिनेमाचाही आस्वाद घेता येतो, आणि तो शिकता येतो, ही कल्पना अशाच मंडळींनी रुजवली. 'मंज़िल'वाले बासू चॅटर्जीही याच चळवळीतले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रं काढायची, आणि फिल्म सोसायटीत पिक्चर पाहायचे. म्हणजे कोलकात्यातल्या भांडणाचा पिक्चर मुंबईच्या पावसात येऊन भिजला, तो काही योगायोगाने नाही. ही सगळी एकाच गोतावळ्यातली माणसं.

राय-सेन वादाचं पुढे काय झालं? दोघांनी हार मानली का? नाही. सेन यांनी १९६९ ला 'भुवन शोम' केला. देशभर गाजला, हिंदीतल्या नव्या सिनेमाची सुरुवात मानला गेला. रायांनी त्यालाही चिमटा काढलाच. सगळ्या पिक्चरचा सार मोजून सात इंग्रजी शब्दांत उडवून लावला. माणूस सुधारला नाही, एवढं खरं!

पण मला त्याहून जास्त गंमत वाटते ती पुढच्या दोन पिक्चरांची. १९७० साली रायांचा 'प्रतिद्वंद्वी' आला. १९७१ साली सेन यांचा 'इंटरव्ह्यू'. दोन्हींत कोलकात्याचा तरुण, दोन्हींत नोकरीची मुलाखत. सेन यांच्या पिक्चरमधल्या मुलाला मुलाखतीसाठी साहेबी सूट हवाय, आणि तो काही केल्या मिळत नाही. शेवटी तो धोतर-कुर्त्यात जातो, आणि नोकरी हातची जाते. ऐकताना काही आठवलं? पिसं! पिसं नाहीत म्हणून कावळ्याला दारातच अडवलं. सेन यांनी हे रायांना उत्तर म्हणून केलं, असं मी म्हणत नाही. तसा माझ्याकडे काही पुरावा नाही. पण सहा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न, की पिसं लावावीशी का वाटतात, तो इथे पडद्यावर उभा आहे. आणि तोच राय, ज्यांना 'आकाश कुसुम'मधला तरुण पुरेसा आजचा वाटला नव्हता, तेही 'प्रतिद्वंद्वी', 'सीमाबद्ध', 'जन अरण्य' अशा तीन पिक्चरांत याच शहरातल्या तरुणांकडे वळले.

वाद रकान्यात बंद झाला. पिक्चरमध्ये मात्र चालूच राहिला.

आता तुम्ही म्हणाल, ते राय-सेन, आपण कोण? बरोबर आहे. पण एक फरक बघा. त्यांच्या वेळी पत्र लिहायचं, पोस्टात टाकायचं, छापून यायची वाट पाहायची. तोवर राग निवायचा, मुद्दा शिजायचा. मध्ये संपादक होता, तो निवडायचा, आणि एके दिवशी 'आता पुरे' म्हणायचा. एवढं सगळं असूनही शेवटी टोमणाच लक्षात राहिला. मग आपल्याकडे तर यातलं काहीच नाही. दोन सेकंदांत ओळ जाते, आणि इमोजी मोजून आपण ठरवतो की आपण जिंकलो.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. पिक्चर नावडला तर तसं म्हणायचं, अगदी स्पष्ट म्हणायचं. गुळमुळीत बोलण्यात मजा नाही, आणि रायांचा आक्षेपही गुळमुळीत नव्हता. पण टोमणा मारायच्या आधी समोरच्याचा मुद्दा एकदा आपल्या शब्दांत सांगून बघायचा. तो नीट सांगता आला, तरच टोमण्याचा हक्क.

आणि हो, त्या मित्राला मी फोन केला. सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "सॉरी राहू दे. पिक्चर पुन्हा बघ, आणि मग बोल. तो आजीचा सीन तू मोबाइल बघत घालवला असशील, पैज लाव."

पैज लावली नाही. कारण खरंच तसंच झालं होतं.

या रविवारी पुन्हा बघणार आहे, त्याच्याच घरी. बहुतेक मला परत आवडणार नाही. पण या वेळी भांडण नीट होईल.

तुमचं कुठल्या पिक्चरवरून कुणाशी वाजलंय? समोरच्याचा मुद्दा काय होता, तेवढं मात्र आठवून सांगा. भेटू पुढच्या भागात.