‘ऱ्ह’ लिहिता येईपर्यंत

धुळ्याकडे अहिराणीत ‘काय चाली ऱ्हायनं?’ असं विचारतात, जळगावकडे ‘काय करू ऱ्हायला?’. दोन्ही प्रश्न बोलायला सोपे. कॉम्प्युटरवर लिहायला मात्र कितीतरी वर्षं अवघड होते. घोडं त्या ‘ऱ्ह’पाशी अडायचं.

१९९६ साली अमेरिकेतल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ सुरू केली, तेव्हा इंटरनेटवर देवनागरी दिसणं हीच मोठी गोष्ट होती. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. तुम्ही एका फॉन्टमध्ये पत्र लिहायचं आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. यावर उपाय होता युनिकोड, म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक. त्यात देवनागरी १९९१ पासूनच होती, पण घरातल्या मशीनपर्यंत ती पोचली विंडोज २००० आणि एक्सपीमुळे. एक्सपीवरही सीडी घालून भारतीय भाषा चालू कराव्या लागत. नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे.

एवढं करूनही ‘ऱ्ह’ हटून बसायचा. साधा ‘र’ पुढच्या अक्षराला जोडला की त्याचा रफार होतो. म्हणून ‘आचाऱ्यांना जेवण सांगा’ असं लिहायला जावं, तर ‘आचार्यांना जेवण सांगा’ असं उमटायचं आणि स्वयंपाकघरातलं काम थेट गुरुजींच्या गळ्यात पडायचं. युनिकोडमध्ये खाली टिंब असलेला एक ‘ऱ’ आहे. तो मुळात द्राविडी भाषांमधला उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला. त्याचा पाय मोडला की आपला अर्धा ‘ऱ्’ मिळतो. प्रमाण मराठीत हे अक्षर अधूनमधून लागतं. आमच्या बोलीत ते क्रियापदातच बसलेलं असल्यामुळे वाक्यावाक्याला लागतं.

‘मनोगत’ २००४ मध्ये आलं, ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’ २००७ मध्ये. गुगलच्या ब्लॉगरवर ब्लॉग फुकट काढता येत होता. ‘बरहा’सारख्या सॉफ्टवेअरमुळे इंग्रजी कीबोर्डवर मराठी टाइप करणं जमू लागलं. संपादकाची परवानगी नको, पोस्टाचं तिकीट नको. पिंप्राळ्याहून रेल्वे गेट ओलांडून जळगावातल्या सायबर कॅफेत जायचं, तासाचे पैसे मोजायचे आणि लिहायचं. मी पहिल्यांदा लिहिलं ते आमच्या आषाढी एकादशीच्या रथावर. चाकाखाली मोगरी लावून तो अवजड रथ वळवणाऱ्या माणसांवर. आठ दिवसांनी खाली एक प्रतिक्रिया आली. अमेरिकेत राहणाऱ्या कोणा जळगावकराने विचारलं होतं, ‘मोगरी आता कोण लावतं?’ अनोळखी माणसाने आपल्या गावाबद्दल इतका नेमका प्रश्न विचारणं माझ्यासाठी नवीन होतं.

ऑर्कुटवर हीच गोष्ट घोळक्याने झाली. जानेवारी २००४ मध्ये सुरू झालेल्या या साइटवर शाळा, गाव, आडनाव, आवडता नट अशा प्रत्येक गोष्टीची कम्युनिटी असायची. रोमन लिपीत का होईना, लोक मराठीत भांडायचे. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झालं. जुन्या चर्चा काही काळ वाचायला ठेवल्या होत्या, पुढे त्याही काढल्या गेल्या. दहा वर्षांच्या गप्पा पुसायला कोणाला पूर यावा लागला नाही की आग लागावी लागली नाही.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये गुगलचं बोलून टाइप करणं मराठीत आलं. आता ‘ऱ्ह’साठी कोणाला कोड शोधावा लागत नाही. ज्यांनी शाळा सुटल्यावर कधी पेन धरलं नव्हतं, त्या काकू आणि मामा रोज लिहितात, तेही आपल्या बोलीत. इतक्या लोकांनी रोजच्या रोज खान्देशी लिहावी, असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

पण हे लिखाण बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. ब्लॉगच्या लेखाला तारीख असायची, नाव असायचं, पत्ता असायचा. दहा वर्षांनी शोधला तरी सापडायचा. फॉरवर्डला यातलं काहीच नसतं. माझाच रथाचा लेख मला एका ग्रुपवर आला, खाली नाव नाही आणि शेवटी हात जोडलेले दोन इमोजी. लोकांना तो आवडला होता. मोगरीचा परिच्छेद मात्र कोणीतरी कापला होता. त्याचं वाईट नावापेक्षा जास्त वाटलं.

जळगावजवळच्या असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. घरच्या माणसांनी त्यांची गाणी वहीत उतरवून घेतली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ती आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. जात्यावरच्या कितीतरी बायांना अशी वही मिळाली नाही. त्यांची गाणी गेली.

आज प्रत्येकाच्या खिशात वही आहे, पण तिची पानं रोज गळतात. आजीने ग्रुपवर बोलून टाकलेली ओवी, मामाने सांगितलेली रथाची गोष्ट जिथे शोधली तर सापडेल अशा ठिकाणी ठेवा. साधा ब्लॉगही चालेल. वर तारीख घाला आणि खाली तिचं किंवा त्याचं नाव लिहा. अक्षर मिळवायलाच आपल्याला इतकी वर्षं लागली आहेत.