मांडवा, महाड, अलिबाग: आरोग्यशिक्षकांची आपसातली शाळा

रायगड जिल्ह्यात, म्हणजे 1981 पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्यात, वैद्यकीय महाविद्यालये उशिरा आली. आरोग्याचे काम करणाऱ्यांनी एकमेकांना शिकवण्याचे प्रयोग मात्र त्याआधीच सुरू झाले होते. त्यातला पहिला मोठा प्रयोग मुंबईहून लाँचने तासाभरावर असलेल्या मांडवा परिसरात झाला. जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंटिया यांनी 1970च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या या भागात गावच्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यांपैकी बहुतेकींचे शालेय शिक्षण जेमतेम होते. क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे, गरोदर बायकांवर लक्ष ठेवणे, साधी औषधे देणे एवढे त्या शिकल्या. ठराविक दिवशी एकत्र बसून आपापल्या गावातल्या रुग्णांबद्दल बोलणे हा त्या शिक्षणाचा गाभा होता. पुढे स्थानिक पुढारी आणि सरकारी यंत्रणा यांच्याशी खटके उडाले आणि प्रकल्प गुंडाळावा लागला. गावातल्या बाईच्या हाती औषधाची पिशवी आली की कुणाचे तरी आसन डळमळते, हे तेव्हाच दिसून आले.

दुसरा प्रयोग महाड तालुक्यातला. तो कुणी योजून केलेला नव्हता. कोकणात लाल विंचवाचा दंश ही नेहमीची गोष्ट. पेंढ्यात, लाकूडफाट्यात, जांभ्याच्या गडग्यात हा विंचू लपून बसतो आणि उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर जास्त बाहेर पडतो. दंश झालेल्या माणसाला आधी विंचू उतरवणाऱ्याकडे नेत, मग दवाखान्यात. तिथे डॉक्टरांकडेही फारसे काही नसे. डॉ. मुंडले यांनी 1961 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विंचूदंशानंतर फुफ्फुसात पाणी होऊन दगावणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले होते, पण त्यावर गावात करता येईल असा इलाज पुस्तकांत नव्हता. गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण टोचले जाई. त्याने रुग्ण शांत होई, आजार मात्र आतून वाढत राही.

जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा परिस्थिती अशी होती. त्यांनी दंशाचे रुग्ण तासन् तास पाहिले आणि नोंदी ठेवल्या. उलट्या, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, पुरुष रुग्णांत शिश्न ताठरणे आणि बर्फासारखे गार हातपाय दिसले, की थोड्याच वेळात हृदयावर संकट येणार असे समजावे, हे त्या नोंदींतून हाती आले. त्यांवरचा निबंध 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. कारण पुढे उलगडले. विषामुळे शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब भडकतो आणि थकलेले हृदय फुफ्फुसात पाणी साचू देते. या आकुंचनाला नेमका विरोध करणारे औषध म्हणजे रक्तदाबाची प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त गोळी. तिच्याविषयीचा त्यांचा निबंध 1986 साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. गोळी लागू पडल्याची खूण कुठल्याही केंद्रात पाहता येण्याजोगी होती: गार पडलेले हातपाय पुन्हा ऊबदार होणे. गंभीर रुग्णांत पूर्वी चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक टक्क्याच्या घरात आले. प्रतिविषासोबत प्रॅझोसिन देऊन केलेला तुलनात्मक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या सगळ्यात महाडजवळ ना वैद्यकीय महाविद्यालय होते, ना मोठे ग्रंथालय. जगाशी बोलण्याचे साधन टपाल होते. लंडनला पाठवलेला निबंध छापून आला, की तो वाचणारा दुसऱ्या प्रांतातला डॉक्टर स्वतःच्या रुग्णावर तोच उपचार करून पाही. ही बरोबरीच्यांची शाळाच होती, फक्त वर्ग पोस्टाच्या पेटीत भरत होता.

याच काळात वैद्यकीय शिक्षकांची औपचारिक शाळा वेगळ्या वाटेने चालली होती. उत्तम डॉक्टर म्हणजे उत्तम शिक्षक, हे गृहीतक फार दिवस चालले. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये 1970च्या दशकात शिक्षकांसाठी राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र निघाले आणि भारतीय वैद्यक परिषदेच्या 1997च्या नियमांनी प्रत्येक महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण विभाग असावा असे म्हटले. अनेक ठिकाणी तो पाटीपुरताच राहिला. फरक पडला तो परळच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या शेठ जी. एस. महाविद्यालयात. फिलाडेल्फियाच्या ‘फायमर’ या संस्थेच्या सहकार्याने 2005 साली इथे भारतातले पहिले प्रादेशिक केंद्र सुरू झाले. निवडलेले शिक्षक दोन वर्षांत दोनदा आठवडाभर एकत्र येत. उरलेले महिने ई-मेलवरची चर्चा चाले. दर महिन्याला सहभागी शिक्षकांचाच एक गट एखादा विषय हाती घेई, मग तो तोंडी परीक्षेतले गुण कसे द्यावेत हा असो किंवा लहान गटात कसे शिकवावे हा. बाकीचे आपल्या महाविद्यालयातले अनुभव लिहीत, आधीच्या तुकड्यांतले लोकही त्यात उतरत आणि शेवटी गट त्याचा सारांश मांडे. शिवाय प्रत्येकाला आपल्या संस्थेत अध्यापनातला एक बदल करून दाखवावा लागे. विभागप्रमुखासमोर बोलायला कचरणारा तरुण व्याख्याता इथे प्राध्यापकालाही लेखी उत्तर देऊ शकत होता. महाविद्यालयांतली मानमरातबाची रीत पाहता हा लाभ छोटा नाही.

तरीही एक उणीव दिसते. या चर्चा कसे शिकवावे याविषयी होत्या. महाडसारख्या केंद्रांतून येणारे काय शिकवावे हे त्यांच्या पलीकडे राहिले. दोन्ही प्रवाह एकाच किनारपट्टीच्या आजूबाजूला वाहत होते, पण फारसे भेटले नाहीत.

रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यातल्या कामोठे इथे एमजीएमचे वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे. देशभर 2019 साली एमबीबीएसचा क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि शिक्षकांच्या कार्यशाळांना वेग आला. 2020च्या टाळेबंदीत शिकवणे आणि शिकवायला शिकणे, दोन्ही पडद्यावर गेले. अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2021 साली 100 जागांनिशी, जिल्हा रुग्णालयाच्या आधाराने सुरू झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2022च्या नियमांनी सहायक प्राध्यापकाला बढतीसाठी वैद्यकीय शिक्षणाचा आणि संशोधनाचा असे दोन पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण करणे आवश्यक केले. त्यातला संशोधनाचा ऑनलाइनच आहे. विंचूदंशाचे रुग्ण अजूनही याच जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत येतात, आणि त्या केंद्रांतल्या डॉक्टरांना या शिक्षकांच्या चर्चेत जागा देणे ही अलिबागच्या नव्या महाविद्यालयाला सहज जमण्यासारखी गोष्ट आहे.