ताटातली सोबत

गेल्या वर्षी माझ्या रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या नावांखाली एक ओळ लिहिली : ‘रोज ज्वारीची भाकरी.’ तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ स्वतःशीच हसत होतो. माझे लहानपण बार्शीकडच्या एका खेड्यात गेले. घरी पाहुणा आला की आजी हीच भाकरी टोपल्यात झाकून ठेवी, शेजारून पायलीच्या कोपऱ्यात मावेल एवढे गव्हाचे पीठ उसने आणी आणि पाहुण्याच्या पानात पोळी वाढी. पाहुण्याच्या नजरेला भाकरी पडली तर घराची अब्रू गेली, अशी तिची समजूत. जी वस्तू काल लपवायची होती, ती आज औषधाच्या कागदावर कशी येऊन बसली? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि भाकरीचा थोडाफार इतिहास हाती लागला. दिवाळीच्या फराळाबरोबर तोही चालेल, असे वाटते.

पहिला धक्का असा, की ज्वारी मुळात आपली नव्हेच. तिचे घर आफ्रिकेत. पूर्व सुदानात सापडलेल्या सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे आणि फोलपटांचे ठसे आहेत. माणूस तिला माणसाळवीत होता, याचा तो पुरावा. इकडे पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचे मुख्य धान्य निघाले सातू! म्हणजे आपण ज्याला ‘वाडवडिलांचे अन्न’ म्हणतो, तेही कोणीतरी कधीतरी नव्याने पेरून पाहिलेले असते. मिरची आणि भुईमूग तर त्याहून कितीतरी उशिरा, अमेरिका खंडातून आले. तरी आज झुणका, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी एका ताटात अशी बसतात, जणू एका आईची लेकरे.

ही लेकरे एकत्र आली कशी? उत्तर स्वयंपाकघरात शोधून सापडत नाही. त्यासाठी बांधावर जावे लागते. सोलापूर भागातली रब्बी ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. पुढे पाऊस नाही. काळ्या, खोल जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर आणि थंडीवर पीक वाढते. आमच्या वडिलांची पिढी ती एकटी कधी पेरीत नसे. मध्ये करडईची तासे असत. काठाला लावलेली करडई काट्यांमुळे गुरांनाही आवरी. पलीकडे हरभऱ्याची पट्टी. खरिपाच्या ज्वारीत तुरीची ओळ असायचीच. डाळीच्या पिकांच्या मुळांवर गाठी असतात, त्या हवेतला नत्र जमिनीला देतात, हे शास्त्र आजोबांना ठाऊक नव्हते. पण हरभऱ्यानंतरचे पीक चांगले येते, हे पक्के ठाऊक होते. दाणा माणसाला, कडबा बैलाला, बैलाचे शेण शेताला, असा तो सगळा हिशेब होता.

आता ताटाकडे पाहा. भाकरी ज्वारीची, झुणका हरभऱ्याचा, वरण तुरीचे, फोडणी करडईच्या तेलाची. शेतात जे शेजारी, तेच ताटात शेजारी! यात नुसती सोय नव्हती. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी. डाळींत तो भरपूर. एकीचे उणे दुसरी भरून काढते.

आणि ही सोबत सुटली तर काय होते, याचाही दाखला आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग दिसे. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, पोट बिघडते, पुढे बुद्धीही भ्रमते. हैदराबादचे डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याची मीमांसा मांडली : ज्वारीत ल्यूसिन हा घटक जास्त असतो आणि नायसिन या जीवनसत्त्वाचा शरीरातला व्यवहार त्यामुळे बिघडतो. या मीमांसेवर पुढे वाद झाले. पण ज्वारीवरच भागवणे बरे नव्हे, ही गोष्ट वादात नव्हती. गंमत अशी, की नायसिन भरपूर असते ते शेंगदाण्यात. आमच्याकडे भाकरीवर शेंगदाण्याची चटणी घेतात, ती जिभेच्या सुखासाठी. शरीराचाही त्यात लाभ होता.

संस्कृतीने ही सोबत कशी जपली, ते पाहायचे तर मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला लातूर, धाराशिव, सोलापूरकडे यावे. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करतात, पाच पांडव मांडून पूजा होते. नैवेद्याला ज्वारीच्या पिठाची, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि ‘भज्जी’. या भज्जीत ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या, शिवारात जे जे म्हणून हिरवे आहे ते सारे पडते. आंबील आधी पिकावर शिंपडायची आणि मग आपण जेवायचे. लहानपणी मला वाटे, ही पूजा ज्वारीची. आता वाटते, ती सोबतीची आहे.

मात्र भाकरीचे गोडवे गाताना मला १९७२ विसरता येत नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा. विहिरी आटल्या, बैल विकले गेले, घरची माणसे खडी फोडायला जाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात, १९७३ च्या मे महिन्यात, महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो. मिलो हीसुद्धा ज्वारीच, पण तिची भाकरी ताटात एकटी येई. शेत कोरडे, म्हणून डाळ नाही. गाय विकली, म्हणून ताक नाही. मीठ-मिरचीशी ती चावताना आजी एकदा म्हणाली, “भाकरी हाय रे, पर जेवण न्हाई.” त्या मिलोने आम्हांला जगवले, हे मी कृतज्ञतेने सांगतो, पण आजीचे ते वाक्य विसरता येत नाही.

पुढे पाऊस आला, तरी सोबत पूर्वीसारखी जुळली नाही. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण आले होते. खरिपाचे उत्पन्न वाढले, पण कणीस भरताना पाऊस झाला की दाणा काळा पडे आणि भाव पडे. रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त झाले. १९८० साली उजनी धरण पुरे झाले आणि कालव्याकाठी ऊस उभा राहिला; मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन आले. रब्बीची ज्वारी हाताने उपटायची, कणसे मोडायची, मळायची. त्याला मजूर मिळेनात. राज्य झाले तेव्हा साठ लाखांहून अधिक हेक्टरांवर असलेली ज्वारी आता निम्म्याहूनही कितीतरी कमी उरली. यात शेतकऱ्याला दोष देणार कोण? आजीने पाहुण्यापासून भाकरी लपवली, तिथूनच तिचा भाव उतरला होता.

आता वारे फिरले आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. शहरात ज्वारीचे पीठ सुबक पुड्यांत मिळते. मीही एक पुडा आणला. पीठ शिळे, विरी गेलेली, थापताना भाकरीचे तुकडे झाले. शिवाय डॉक्टरांनी पुढच्या खेपेला बजावले, “भाकरी म्हणजे काही मंतरलेला अंगारा नव्हे. किती खाता आणि कशाबरोबर खाता, ते सांगा.” मला एकदम आजी आठवली.

आता गावाकडच्या चुलतभावाकडून मालदांडी आणवतो. पण नुसती नव्हे. त्याच्याच रानातली तूर आणि हरभराही पोत्यात घालायला सांगतो आणि बाजारभावापेक्षा चार पैसे जास्त देतो. दोन वर्षांपूर्वी त्याने मोडलेली करडईची तासे यंदा पुन्हा धरली आहेत. परवा त्याच्याकडचे पाहुणे आमच्याकडे जेवायला होते. सौभाग्यवतीने विचारले, “पोळ्या करू ना?” मी म्हटले, “भाकरीच कर. झुणका, चटणी आणि ताक मात्र विसरू नकोस.”

टोपले त्या दिवशी पंगतीच्या मध्यावर होते, आणि त्यावर झाकण नव्हते.