पतीच्या निधनानंतर त्यांची खाती कशी शोधायची?

जलदान विधी होतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग घरात प्रश्न उभा राहतो: ह्यांचे पैसे नेमके कुठे कुठे होते? आपल्या अनेक घरांत बँकेचे व्यवहार अजूनही पुरुषच बघतात. पगार कोणत्या बँकेत होतो एवढे ताईंना माहीत असते. पतपेढीतली ठेव, दुकानावर भरलेली पिग्मी, पोस्टातली आरडी, जुन्या कंपनीतला पीएफ यांची खबर नसते. मग वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलाला बोलावतात. तो मोबाइल काढतो, रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ पोर्टल उघडतो, नाव टाकतो. काहीच दिसत नाही. घरातले समजतात, पैसे नव्हतेच.

ही गफलत फार ठिकाणी होते, म्हणून ती आधी दूर करू. ‘उद्गम’ ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाले. दहा वर्षे कोणी दावा न केलेल्या आणि बँकांनी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत वर्ग केलेल्या ठेवीच तिथे दिसतात. मागच्या महिन्यात गेलेल्या माणसाचे चालू खाते तिथे दिसणारच नाही. सासरे, आजोबा यांची जुनी खाती किंवा पतीने लग्नाआधी कुठे उघडलेले आणि विसरलेले खाते शोधायला ते जरूर वापरा. ताज्या प्रकरणात मात्र शोध घरातून सुरू होतो.

घरातले कागद

ट्रंक, कपाट, देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेली पिशवी, गाडीची डिकी, कामावरचे लॉकर, सगळे बघा. पासबुके, चेकबुके, ठेवपावत्या, एटीएम कार्डे आणि पतपेढीचा शेअर दाखला वेगळे काढा. नोकरदार असतील तर पगारपत्रक सोन्यासारखे आहे. त्यातल्या कपातींचा रकाना नीट वाचला की सोसायटी, पीएफ, गटविमा, एलआयसीचा हप्ता हे सगळे एका कागदावर सापडते.

त्यांचे सिमकार्ड बंद पडू देऊ नका. बँकांचे मेसेज त्याच नंबरवर येत राहतात आणि विसरलेली खाती त्यातून उघड होतात. मात्र एक सक्त सूचना. पिन माहीत आहे म्हणून एटीएममधून किंवा फोन-पेवरून पैसे काढायचे नाहीत. मृत्यूनंतर ते पैसे सगळ्या वारसांचे असतात. आज अंत्यविधीच्या खर्चाला काढलेले दहा हजार उद्या दिराच्या तोंडी चोरी होऊन बसतात.

नंतर पासबुकात निदान मागच्या दोन वर्षांच्या नोंदी भरून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला असला तरी नॉमिनीला २ लाख रुपये मिळतात, आणि अर्ज त्याच बँकेत द्यायचा असतो, शक्यतो ३० दिवसांच्या आत. २० रुपये कापले असतील तर ती सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यूसाठी आहे, रक्कम तेवढीच. वस्तीतल्या किती बायांना ह्या दोन आकड्यांचा अर्थ माहीत आहे, हे एकदा विचारून बघा. ठरावीक महिन्याला येणारे व्याज म्हणजे कुठेतरी मुदत ठेव. वर्षातून एकदा कापलेले भाडे म्हणजे लॉकर.

पॅनकार्ड असेल तर आयकराच्या पोर्टलवर मृताचे वारस म्हणून नोंदणी करून त्यांचे वार्षिक माहिती विवरण बघता येते. कोणत्या बँकेने किती व्याज दिले ते तिथे बँकेच्या नावासह असते. रिटर्न भरणाऱ्या घरांत ही वाट सर्वांत सरळ.

बँकेत गेल्यावर फक्त हातातल्या पासबुकाबद्दल विचारून परत येऊ नका. प्रत्येक ग्राहकाला बँकेचा एक ग्राहक क्रमांक असतो आणि त्याखाली सगळ्या शाखांतली खाती दिसतात. मृत्यूचा दाखला जोडून लेखी अर्ज द्या: यांच्या नावावरील सर्व खाती, ठेवी, लॉकर, कर्जे आणि प्रत्येकाचा नॉमिनी कळवावा. अर्जाची पोच घ्या. नावाची जितकी स्पेलिंगे असतील तितकी अर्जात लिहा. जुनी खाती कधी गावच्या आडनावाने, तर कधी बदललेल्या आडनावाने असतात, आणि मग एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक निघतात. पासबुकावरची बँकच आज नसेल तरी घाबरू नका. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट २०२० मध्ये कॅनरात गेली आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक २०२५ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. खाते नव्या बँकेत जिवंत असते.

पतसंस्था

कष्टकऱ्याची बचत बहुधा इथेच असते आणि नेमकी हीच कोणत्याही पोर्टलवर सापडत नाही. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, ‘उद्गम’मध्ये नसते आणि बँक ठेवींना असलेले ५ लाखांचे विमा संरक्षणही तिला नाही. म्हणून इथे उशीर करू नये. पिग्मी एजंट रोज दारात येत होता, त्याला गाठा. खाते क्रमांक त्याला तोंडपाठ असतो. कामावरच्या मित्रांना विचारा, कोणत्या सोसायटीचे सभासद होते. सभासदाचे शेअर्स, वर्गणी ठेव आणि लाभांश तिन्ही मागायचे. त्याच वेळी ते कोणाला जामीन होते का, हेही विचारा. पतीच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती त्यांच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. बाईने स्वतःच्या कमाईतून ते फेडायचे नसते, आणि दमदाटीला बळी पडून कोऱ्या कागदावर सही तर नाहीच नाही. पतसंस्था दाद देत नसेल तर तालुक्याच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करावी.

पोस्टातली खाती आणि प्रमाणपत्रे त्या त्या कार्यालयात दाव्याचा अर्ज भरून मिळतात. खासगी नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफची रक्कम, विधवा पेन्शन आणि ७ लाखांपर्यंतचा ईडीएलआय विमा असे तीन हक्क आहेत. कंपनीचा क्लार्क बऱ्याचदा पहिल्याबद्दलच बोलतो.

पत्नी निवर्तली आणि पती मागे राहिला तरी शोधायची रीत हीच. फक्त बचत गटाची वही आणि भिशीचा हिशेब बघायला विसरू नये.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

खाते सापडले की भांडण सुरू होते. लग्नाआधी उघडलेल्या खात्यावर नॉमिनी म्हणून आई किंवा भाऊ असतो आणि तो म्हणतो, पैसे माझे. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते हे खरे, पण तो ते वारसांच्या वतीने घेतो. सर्वोच्च न्यायालयाने बँक ठेवींबाबत २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे.

वारस कोण? इथे आपली तरुण मुले हटकून विचारतात, आपण बौद्ध, मग हिंदू वारसा कायदा कसा? १९५६ च्या त्या कायद्याच्या कलम २ मध्येच तो बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू असल्याचे लिहिले आहे. हिंदू कोड बिल रखडल्यावर बाबासाहेबांनी १९५१ मध्ये कायदेमंत्रिपद सोडले. पुढे त्या बिलातून जे कायदे निघाले, त्यातला हा एक. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मालमत्ता पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई यांच्यात समान वाटली जाते. म्हणजे सासूबाईंचाही एक हिस्सा आहे, आणि तो नाकारायला आपण ताईंना मदत करायची नाही. वडील आणि भाऊ मात्र पहिल्या वर्गात येत नाहीत. पत्नीचा हिस्सा पूर्ण मालकीचा असतो. तिने पुढे पुनर्विवाह केला तरी तो जात नाही.

आपल्याकडे खरी अडचण येते ती लग्नाच्या पुराव्याची. विवाह विहारात किंवा समाजमंदिरात भंतेजींच्या वा बौद्धाचार्यांच्या हस्ते होतो, पण महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी राहून जाते. मग आधारवर माहेरचे नाव असलेली बाई काउंटरवर ‘पत्नी कशावरून’ या प्रश्नापुढे उभी राहते. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र यांवर काम निभावते. पण जे जोडपे आज हयात आहे त्यांची नोंदणी याच महिन्यात करून द्या.

बँक अडवते तेव्हा

नॉमिनी असेल किंवा खाते ‘दोघांपैकी कोणीही अथवा हयात’ असे संयुक्त असेल, तर बँकेला कोर्टाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागता येत नाही. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वारसांत वाद नसेल, तर १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सोप्या पद्धतीने दावा निकाली काढावा, असे रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२५ चे निर्देश आहेत. ३१ मार्च २०२६ ही त्यांच्या अंमलबजावणीची शेवटची मुदत. दाव्याचा अर्ज, इंडेम्निटी बाँड, इतर वारसांची नाहरकत आणि वारसांबद्दलचे प्रतिज्ञापत्र एवढ्यावर काम व्हायला हवे. सगळी कागदपत्रे मिळाल्यापासून मुदत १५ दिवसांची आहे. तलाठ्याकडची वारसनोंद जमिनीपुरती, ती बँकेत दाखवून उपयोग नाही.

शाखेने तोंडी नकार दिला तर कारण लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वाद असल्यामुळे कोर्टात जावेच लागले, तर वकिलाच्या फीने घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते. पहिल्या खेपेला ताईंसोबत आपल्यापैकी कोणीतरी जावे, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती सोबत ठेवाव्यात.