थेंबाला वेसण

मुलांच्या वह्या तपासण्यांत माझें बहुतेक आयुष्य गेलें. शाईचा थेंब कागदावर पडला म्हणजे तो स्वतःच्याच मर्जीनें पसरतो, हें त्या काळांत पुष्कळदां नजरेस आलें. आज ज्या शाईची हकीकत सांगावयाची आहे, तिनें अक्षरें लिहीत नाहींत. विजेच्या वाटा आंखतात. दुखणें मात्र तेंच.

कागदाला न टेकतां शाई उडविण्याची युक्ति जुनी आहे. समुद्राखालून आलेले तारेचे संदेश टिपण्यासाठीं लॉर्ड केल्विन यांनीं १८६७ सालीं जें यंत्र योजिलें, त्यांत विद्युद्भाराच्या ओढीनें शाई बारीक नळींतून कागदावर पडे. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट यांनीं १९५१ सालीं शाईच्या फवाऱ्यानें लिहिणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळविलें. पुढें कचेऱ्यांतून व घरांतून आलेलीं छपाईयंत्रें आपणां सर्वांस ठाऊकच आहेत.

१९६२ सालीं अमेरिकेंत पॉल वायमर यांनीं कांचेवर पातळ थर चढवून ट्रॅन्झिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाची चिमुकली झडप, तयार केला. असे थर देण्याची रूढ रीत मोठी उधळी. सर्व पृष्ठभागावर पदार्थ चढवावयाचा आणि नको तेवढा रसायनानें कुरतडून काढावयाचा. हवा तेथेंच थेंब टाकला तर? वीज वाहणाऱ्या पॉलिमरांचा शोध १९७७ सालीं प्रसिद्ध झाला. कालांतरानें त्यांतले कांहीं द्रवांत कालवतां येऊं लागले, आणि शाई हातीं आली.

पण थेंब कोठें ऐकतो? कॉफीच्या वाळलेल्या डागाची कड गडद कां, याचा उलगडा शिकागो येथील संशोधकांनीं १९९७ सालीं केला. थेंबाची कड जागींच चिकटते, तेथून द्रव लवकर उडतो, तूट भरून काढण्यास आंतला द्रव कडेकडे धांवतो आणि आपले कण तेथेंच नेऊन टाकतो. टेबलावर हें चालेल. विजेच्या वाटेवर एकीकडे ढीग व दुसरीकडे खड्डा चालत नाहीं.

ट्रॅन्झिस्टराच्या दोन टोकांमधील फट जितकी अरुंद, तितकें त्याचें काम जलद. केंब्रिज येथील हेनिंग सिरिंगहाउस व त्यांचे सहकारी यांना ती ५ मायक्रॉन हवी होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यंत्रांतून सुटलेला थेंब त्याहून कितीतरी मोठा, शिवाय नेम चुकणारा. दोन थेंब एकमेकांस भिडले कीं सारा उपद्व्याप फुकट. २००० सालीं त्यांनीं काढलेला तोडगा मला फार आवडतो. नेम सुधारण्याच्या भरीस ते पडले नाहींत. पाण्याला दूर लोटणाऱ्या पॉलिइमाइडची ५ मायक्रॉन रुंद पट्टी त्यांनीं कांचेवर आंखली आणि तिच्या दोहों बाजूंस पाण्यांत कालविलेल्या पॉलिमरचे थेंब सोडले. अळवाच्या पानावरून पाणी ओघळावें तसे ते पट्टीवरून मागें सरले! एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, ती पट्टी छापलेली नव्हती. प्रकाशाच्या साह्यानें कोरण्याच्या जुन्याच पद्धतीनें केलेली होती. विजय मिळाला खरा, पण अर्ध्या उसन्या शस्त्रानें.

जपानांत त्सुकुबा येथें २०११ सालीं निराळी वाट सांपडली. अर्धवाहक पदार्थ ज्यांत विरघळत नाहीं, अशा द्रवाचा थेंब तेथें आधीं टाकला आणि त्यावर अर्धवाहकाच्या द्रावणाचा दुसरा. दोन्ही मिसळतांच वर सायीसारखा थर धरूं लागला. खालचा द्रव सावकाश उडून गेला, तेव्हां तळावर एकसंध स्फटिकाचा पातळ पापुद्रा उरला.