‘ओ’ रक्ताची तळची खूण

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनीं १९०१ सालीं मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. तेव्हांपासून सुमारें अर्धें शतक एक समज दृढ होऊन बसला होता. तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर कोणाच्या ‘ए’ ही खूण असते, कोणाच्या ‘बी’, कोणाच्या दोन्ही. ‘ओ’ गटाची पेशी मात्र निव्वळ कोरी पाटी. म्हणूनच ‘ओ’ रक्त कोणासहि चालावें, असें मानीत.

या समजास धक्का बसला तो मुंबईंत, १९५२ सालीं. एक रुग्ण रेल्वेच्या अपघातांत सांपडलेला, दुसरा भोसकला गेलेला. दोघांनाहि रक्त हवें होतें. त्यांच्या पेशींवर ना ‘ए’ सांपडे, ना ‘बी’. अर्थात् ते ‘ओ’ ठरावयास हवे होते. परंतु ‘ओ’ दात्याच्या पेशी त्यांच्या रक्तद्रवांत मिसळाव्या, तों त्यांचे गोळे बनत! दात्यामागून दाते तपासले, कोणाचेंच रक्त जुळेना. अखेर मुंबईंतील एका तिसऱ्याच माणसाचें रक्त जुळलें. भेंडे, देशपांडे व भाटिया या संशोधकांनीं लंडनच्या लिस्टर संस्थेंतील तज्ज्ञांसह हा शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि त्या विरळ गटास ‘बाँबे’ हें नांव मिळालें.

शोधाचें मर्म असें कीं, ‘ओ’ पाटी कोरी नव्हतीच. तिच्यावर ‘एच’ नांवाची तळची खूण असते, व ‘ए’ आणि ‘बी’ या तिच्यावरच रचल्या जातात. पाया नसेल तर मजले कोठून? बाँबे गटाच्या माणसांत हा पायाच नसतो. त्यामुळें ‘ओ’ पेशीहि त्यांच्या रक्तास परकी वाटते. ही खूण म्हणजे पृष्ठभागावरील प्रथिनांच्या व स्निग्ध द्रव्यांच्या टोकास जडलेली शर्करेची साखळी. तिच्यावर फ्यूकोज ही शर्करा बसविणाऱ्या विकराच्या जनुकांतच दोष असतो, हें १९९४ सालीं उलगडलें.

नवल असें कीं, हा पाया नसूनहि ही माणसें धडधाकट असतात. पण तेवढ्यावरून ही शर्करा निरर्थक ठरविणें घाईचें झालें असतें. १९९२ सालीं इस्रायलांत बाँबे रक्ताचीं दोन मुलें आढळलीं. त्यांची वाढ खुंटलेली, बुद्धि मंद, व जंतुबाधा पुनःपुन्हां होणारी. त्यांच्या शरीरांत फ्यूकोजची वाटच अडली होती. रक्तवाहिनीच्या अस्तरावर सिलेक्टिन नांवाचीं ग्राहक प्रथिनें असतात. श्वेत पेशीवरील फ्यूकोजयुक्त साखळी पकडून तीं तिला थोपवितात, आणि मगच ती जखमेकडे वळते. या मुलांच्या श्वेत पेशींस ती साखळीच नव्हती. रक्तांत पेशींचा सुकाळ, पण जखमेपाशीं दुष्काळ! गर्भांतील पेशींस त्यांची वाट दाखविणाऱ्या नॉच या ग्राहक प्रथिनावरहि फ्यूकोज असतो. तो तेथें बसविणारें विकर नसलेले उंदरांचे गर्भ जन्मापर्यंत टिकत नाहींत.

गटास मुंबईचें नांव मिळालें तें केवळ शोधस्थानामुळें. जनुकास सरहद्द ठाऊक नाहीं. शोधाच्या वेळीं बीड जिल्हा हैदराबाद राज्यांत होता. तो १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला. हा दोष आईबाप दोघांकडून आला तरच प्रकट होतो, म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत त्याचा संभव वाढतो. आणि मामाच्या मुलीशीं लग्न करण्याची चाल मराठवाड्यांत जुनी आहे. युरोपांत दहा लाखांत सुमारें एक आढळणारा हा गट भारतांत सुमारें १०,००० माणसांत एक असा आढळतो.

आंबेजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणीं बाळंतीण रक्तस्रावानें अत्यवस्थ होऊन येते, तेव्हां या शोधाची खरी किंमत कळते. केवळ पेशी तपासल्या तर ती ‘ओ’ ठरेल. आणि ‘ओ’ रक्त दिलें तर तें तिच्या शरीरांत फुटून प्राणावर बेतेल. तिचा रक्तद्रव ‘ओ’ पेशींवर पारखला, किंवा गॉर्स या काटेरी युरोपीय झुडुपाच्या बियांचा अर्क तिच्या पेशींवर घातला, तरच भेद उमगतो. अर्कानें सामान्य ‘ओ’ पेशींचे गोळे होतात, बाँबे पेशींचे होत नाहींत. मग दात्याचा शोध बहुधा रुग्णाच्या घरापासूनच सुरू करावा लागतो. कारण आईबापांत दोष सुप्त असेल, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचें रक्त याच गटाचें असण्याचा संभव चारांत एक असतो.