मोटारीमागचा गोळा

युरोपातल्या व्हॅनच्या मागे, बंपरखालून लिंबाएवढा एक लोखंडी गोळा डोकावत असतो, पाहिलाय? व्यास बरोब्बर ५० मिलिमीटर. (अमेरिकेत दोन इंच, म्हणजे ५०.८. एवढ्याशा फरकाने तिकडची वाटी इकडच्या गोळ्यावर खुळखुळते!) हल्ली त्यावर सायकलींचा रॅक बसवतात, पण त्याचा जन्म काही सायकलींसाठी झालेला नाही.

जर्मनीतल्या वीडेनब्रुक गावी १८४४ साली क्नोबेल नावाच्या लोहाराने भट्टी पेटवली. पुढे घोडागाड्या, मग मोटारीचे ट्रेलर. ट्रेलर ओढायचा तर सांधा असा हवा, की गाडी वळली, चढली, खड्ड्यात गेली तरी अडकू नये. १९३० च्या दशकात ह्या 'वेस्टफालिया' कारखान्याने उत्तर काढलं : गोळा आणि त्यावर बसणारी वाटी. आपल्या खांद्यात तरी दुसरं काय आहे? आणि गंमत म्हणजे १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बाकं-कपाटं बसवून तिचं फिरतं घर केलं, तेही ह्यांनीच.

मात्र गोळा ओढण्यासाठी आहे, हे सायकलवाले विसरतात. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, रॅकचं सगळं गोळ्यावर. गोळ्यावर वरून किती भार चालेल, ते पाटीवर लिहिलेलं असतं. समजा ७५ किलो. रॅक २० चा, बॅटरीच्या दोन सायकली २५-२५ च्या. झाले ७०! बॅटऱ्या काढून आत ठेवल्या, तरच धाकट्याची छोटी सायकल जेमतेम चढते.